डिटरमिनिस्टिक आणि सर्चेबल एन्क्रिप्शन: शोध दोन्हींत लागतो, गुपित किती उरतं?

‘डेटा क्लाउडवर, किल्ली तुमच्याकडे, तरीही शोध घेता येतो’ असं सांगणाऱ्या सेवेमागे एन्क्रिप्शनच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात माहिती बदलण्याच्या, दोन अगदी वेगळ्या पद्धती असू शकतात. त्यातली कोणती, हे विचारल्याशिवाय रुग्णांच्या नोंदी कुणाच्याही सर्व्हरवर ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

डिटरमिनिस्टिक एन्क्रिप्शनमध्ये एकाच किल्लीने तीच नोंद कितीदाही एन्क्रिप्ट केली तरी सांकेतिक रूप तेच येतं. ‘बी पॉझिटिव्ह’चं रूप पाठवलं की सर्व्हर जुळणाऱ्या ओळी देतो. नेहमीचाच डेटाबेस, वेगही जवळपास तोच. पण कुणी काही शोधायच्या आधीच, कुठलं रूप किती वेळा आलंय हे सर्व्हरला दिसतं. रक्तगट आठच, भारतात ओ आणि बी पॉझिटिव्ह भरपूर, एबी निगेटिव्ह अगदी विरळ. नुसतं मोजलं तरी बरंच कळतं. नावीद, कामरा आणि राइट या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींवर हे करून दाखवलं. लिंग, वंश, मृत्यूचा धोका असे काही रकाने त्यांनी ६० टक्क्यांहून अधिक रुग्णालयांत, ६० टक्क्यांहून अधिक नोंदींसाठी उलगडले. किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच.

सर्चेबल एन्क्रिप्शनमध्ये तीच नोंद दर वेळी वेगळी दिसते, त्यामुळे मोजण्यासारखं काही उरत नाही. साँग, वॅगनर आणि पेरिग या संशोधकांच्या २००० सालच्या पद्धतीत प्रत्येक शोधाला सगळा मजकूर चाळावा लागे. पुढच्या पद्धतींत एन्क्रिप्ट केलेला इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाइलींत आहे याची सूची, आला: शोधणारा किल्लीने त्या शब्दाचं टोकन (सांकेतिक चिठ्ठी) बनवतो आणि सर्व्हरला त्या टोकनापुरतीच यादी उघडता येते. गळती इथेही आहे, पण ती शोध घेतल्यावर सुरू होते. तोच प्रश्न पुन्हा आला का, कोणत्या फाइली निघाल्या, हे बहुतेक पद्धतींत सर्व्हरला कळतं. फाइलींतला बराच मजकूर आधीच ठाऊक असलेला हल्लेखोर त्यावरून शोधशब्द ओळखू शकतो, हे २०१२ पासून माहीत आहे.

गोंधळ वाढतो कारण एकाच उत्पादनात दोन्ही मिळतात. मोंगोडीबी या डेटाबेसच्या फील्ड लेव्हल (रकान्यागणिक) एन्क्रिप्शनमध्ये शोधासाठी डिटरमिनिस्टिक पर्याय आहे. २०२३ मध्ये रुळलेलं त्याचंच क्वेरिएबल एन्क्रिप्शन मात्र सर्चेबल प्रकारातलं.

पॅन क्रमांकासारख्या, माणसागणिक वेगळ्या आणि एकदाच येणाऱ्या रकान्याला डिटरमिनिस्टिक पद्धत चालून जाते. रक्तगट, जात, आजार यांना ती लावू नका.