गाडी आणण्याआधी खालून काळा कोट मारू नका
गंजकाम आणि अंडरबॉडी दुरुस्तीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी

जुन्या गाडीचा तळ दुरुस्त करून घ्यायला अनेक जण येतात आणि गाडी लिफ्टवर घेतली की खालून आधीच डांबरी किंवा रबरी थराने काळीकुळकुळीत दिसते. “तुमच्याकडे येईपर्यंत टिकावं म्हणून मारून घेतला कोट,” असं सांगतात. गाडीवरच्या मायेपोटीच केलेलं असतं, ते आम्हाला कळतं. पण त्यामुळे आमचे पहिले दोन-तीन दिवस दुरुस्तीऐवजी खरवडण्यात जातात, आणि त्या दिवसांची मजुरी शेवटी तुमच्याच बिलात येते. हे पत्रक मुख्यतः तेवढ्यासाठी आहे.

गंज म्हणजे पत्र्यावरचा डाग नव्हे. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की तो सुरू होतो, आणि त्यात मीठ मिसळलं तर कितीतरी वेगाने पसरतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो. म्हणूनच रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि एकावर एक बसवलेले दोन पत्रे मधल्या गंजाच्या दाबाने उसवतात. शिवाय गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. वरून कोरडा दिसला तरी आतला थर दमट असू शकतो.

आता यावर डांबरी किंवा रबरी कोट मारला तर तो पत्र्याला चिकटतच नाही, गंजाला चिकटतो. गंजाचा पापुद्रा सुटला की कोट त्याच्यासकट सुटतो आणि मध्ये पोकळी तयार होते. चाकाने उडवलेल्या एखाद्या खड्याने चीर पडली की पाणी आत शिरतं, आणि मग त्याला बाहेर यायला वाट नसते. उघड्या पत्र्याला निदान वारा लागून तो वाळतो तरी. कोटाखाली मात्र पत्रा सडत राहतो आणि वरून सगळं नवंकोरं दिसतं.

अशीच एक गाडी आमच्याकडे आली होती. तळ गुळगुळीत, एकसारखा काळा. मालकांना फक्त एका कोपऱ्यातलं छोटं भोक बुजवून हवं होतं. जॅक लावायच्या जागी जॅक लावला, आणि गाडी वर जाण्याऐवजी जॅकच सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पट्टीत, घुसला. कोट सोलल्यावर त्या बाजूच्या सिलचा निम्मा भाग हाताने तुटून आला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून कोट मारलेली कोणतीही जुनी गाडी आम्ही आधी ठोकून पाहतो, मगच उचलतो.

स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर हाच कोट उत्तम काम करतो, आम्हीही तो वापरतो. आमचा आक्षेप फक्त क्रमाबद्दल आहे. गंजावरचा कोट काढायचा म्हणजे हीट गनने मऊ करायचा, पट्टीने खरवडायचा, उरलेला चिकटा पुसायचा. थेट ग्राइंडर चालत नाही, चकती काही क्षणांत भरून जाते. आणि न काढता वेल्डिंग केलं तर कोट धुमसतो, कधी पेटतो, आणि जोडात बारीक छिद्रं राहतात. असा जोड दिसायला ठीक असला तरी पाणी पाझरू देतो. म्हणून जोडाच्या भोवती वीतभर जागा आम्ही चकाकता पत्रा दिसेपर्यंत साफ करतो.

“फोटो पाठवतो, अंदाजे खर्च सांगा,” हेही रोज विचारलं जातं. फोटोवरून आम्ही आकडा सांगत नाही, कारण तो खोटा ठरण्याचीच शक्यता जास्त. तळाचा पत्रा डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतो. छोट्या हातोडीने हलकेच ठोकलं की चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला भद्द आवाज देतो. ही तपासणी तुम्ही घरीही करू शकता, फक्त गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नका. जमिनीवरूनच सिलची खालची कड, चाकाच्या कमानीची आतली दुमड आणि जॅक लावायच्या जागा तपासा. आतून कार्पेट उचलून फ्लोअरच्या कडा पाहा, डिकीत स्टेपनीची खोबण पाहा. चुंबक फिरवा. जिथे तो अचानक चिकटत नाही तिथे बहुधा कोणीतरी पुट्टी किंवा फायबर भरलेलं असतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न असा, की भोक एवढंसं होतं, मग एवढा मोठा तुकडा का कापला? कारण भोक ही सडण्याची शेवटची पायरी असते. त्याच्या भोवतीचा पत्रा आतून खाल्लेला असतो. फ्लोअरचा पत्रा मुळातच एक मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यातला निम्मा गेला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो वितळून भोक मोठं होतं. जोड टिकायचा तर पूर्ण जाडीच्या, निरोगी पत्र्यावरच घ्यावा लागतो. सलग वेल्ड ओढला तर पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून आम्ही सुटे टाके घेतो, मध्ये थंड होऊ देतो, मग मोकळ्या जागा भरतो. याला वेळ लागतो आणि तो आम्ही वाचवत नाही.

सिल, क्रॉस मेंबर (तळाखालचा आडवा आधार) आणि सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागी फायबर किंवा पुट्टीने भोक बुजवून देण्याची विनंती कृपया करू नका. बहुतेक कारना वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. सिल कापण्याआधी आम्ही दाराच्या चौकटीत आतून आधाराची नळी टाकतो, कारण आधार न देता कापलं तर बॉडी किंचित खचते आणि दार नंतर नीट लागत नाही. अशा जागी वरवरचं ठिगळ म्हणजे आत बसणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

रस्ट कन्व्हर्टरबद्दलही बरेच जण विचारतात. यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं आणि ते गंजाचं रूपांतर तुलनेने स्थिर थरात करतं. घासूनही पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत जो गंज उरतो त्यासाठी ते चांगलं, आम्ही तेवढ्यापुरतंच लावतो. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ओतून काही होत नाही, आणि गेलेलं लोखंड परत येत नाही.

पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी त्यावर एपॉक्सी प्रायमर मारतो, कारण दमट हवेत रात्रीतून त्यावर नवा तांबूस गंज चढतो. मग सांध्यांना सीलर, त्यावर कोट, आणि सगळ्यात शेवटी सिलसारख्या पोकळ भागांत लांब नळीने वॅक्स. वॅक्स आधी मारून चालत नाही, त्यावर रंग धरत नाही आणि वेल्डिंगमध्ये ते पेट घेतं. पाणी निथळायची भोकं कोट मारताना बुजवतो आणि नंतर आठवणीने मोकळी करतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन पत्र्यावर बसतं) निदान तीन अंशांनी जास्त नसेल तर आम्ही रंगकाम थांबवतो. त्यामुळे कधी गाडी एक-दोन दिवस उशिरा मिळते. फोनवर नाराजी ऐकून घेऊ, पण ओल्या पत्र्यावर प्रायमर मारणार नाही.

कामासाठी लगेच येणं जमणार नसेल आणि तोवर काहीतरी करायचंच असेल, तर चिखल धुऊन काढा, निथळायची भोकं तारेने मोकळी करा, गाडी पूर्ण वाळू द्या आणि पारदर्शक, पातळ वॅक्स मारून घ्या. ब्रेक, सायलेन्सर आणि रबरी भाग टाळा. गंज थांबणार नाही, पण मंदावेल, आम्हाला तो दिसेल, आणि वॅक्स काढायला सोपं आहे. हे काम आम्ही अर्ध्या दिवसात करून देतो. कोट आधीच मारलेला असेल तर तो कधीचा आहे आणि कशाचा आहे तेवढं सांगा, त्यावर आणखी थर देऊ नका.

गाडी आणताना टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवा. टाकीजवळ वेल्डिंग असेल तर आम्ही ती उतरवतोच, आणि भरलेली टाकी उतरवणं धोक्याचं असतं. डिकी आणि सीटखालचं सामान काढून ठेवा. फ्लोअरखालून किंवा कार्पेटखालून जास्तीची वायरिंग टाकली असेल तर आधी सांगा.

कोट मारायच्या आदल्या दिवशी आम्ही तुम्हाला फोन करतो. तेव्हा येऊन नवा पत्रा, जोड आणि प्रायमर स्वतः पाहून जा, कारण एकदा काळा थर चढला की चांगलं आणि वाईट काम सारखंच दिसतं. येणं शक्य नसेल तर प्रत्येक टप्प्याचे फोटो देतो, ते गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. वर्षभराने गाडी एकदा लिफ्टवर घ्यायला घेऊन या. खड्यांनी उडालेला कोट तेव्हाच सापडला तर तेवढीच जागा साफ करून बुजवता येते.