ग्राफिक्स ड्रायव्हरचा परवाना : जोडणी कुणाच्या हातची?

ग्राफिक्स कार्ड चालवणारा बंदिस्त (सोर्स कोड खुला नसलेला) ड्रायव्हर लिनक्सवर टाकताना जो करार मान्य करावा लागतो, त्यातल्या अटी फारसं कुणी वाचत नाही. रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून तो कसा चालतो हे शोधायला, बंदी असते, हे साधारण ठाऊक असतं. पण एनव्हिडिया या ग्राफिक्स कंपनीच्या करारात लिनक्स आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्ससाठी एक खास सवलतही आहे: बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या) फाइल्सना हात न लावता त्या कुणालाही वाटता येतात. मग डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, हा ड्रायव्हर पहिल्यापासूनच सोबत का दिला नाही?

कारण अडचण दुसऱ्या बाजूला होती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा मुख्य भाग, जीपीएल या खुल्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो (त्याला जोडून वाटलेला कोडही त्याच अटींवर, सोर्ससह द्यावा लागतो), आणि जीपीएलच्या अटी लागू होतात त्या वाटपाला, वापराला नाही. आपल्या मशीनवर कर्नलला काहीही जोडा, हरकत नाही. जोडलेला ऐवज दुसऱ्याला दिला की वाद सुरू. म्हणून ड्रायव्हर दोन भागांत येऊ लागला. कर्नलशी बोलणारा पातळ थर सोर्सच्या रूपात, त्यामागचा गाभा आधीच कंपाइल केलेला. थर कंपाइल करून गाभ्याशी लिंक करायचं काम इन्स्टॉलर वापरणाऱ्याच्या मशीनवर करतो. कायद्याच्या नजरेत जोडणी करणारा ठरतो तो वापरणारा. २००६ मध्ये एका लाइव्ह सीडीने (इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सने) तयार ड्रायव्हर सोबत दिले, तेव्हा जीपीएलभंगाचा आक्षेप लगेच आला. पुढे एका लोकप्रिय डिस्ट्रोने तयार पॅकेज दिलं, तेही सुट्या, अजून न जोडलेल्या ऑब्जेक्ट फाइल्सचं. लिंकिंग इन्स्टॉलच्या वेळी होतं आणि वेगळी ठेवलेली डिजिटल सही नंतर मॉड्यूलला (कर्नलमध्ये भरल्या जाणाऱ्या तुकड्याला) चिकटवली जाते. एवढी कसरत निव्वळ परवान्यासाठी! माझ्या मते ही पळवाटच आहे, आणि तिचा भार ज्याला या वादाचा पत्ताही नाही अशा माणसावर टाकलेला आहे.

कर्नलच्या बाजूनेही कुंपण वाढत गेलं. काही फंक्शन्स फक्त जीपीएल मॉड्यूल्सना खुली करण्याची सोय २.४ मालिकेतली. २०१२ मध्ये डीएमए-बफसाठी (ड्रायव्हरांनी आपसात मेमरी वाटून घेण्याच्या सोयीसाठी) ही अट सैल करण्याची विनंती झाली, ती काही कर्नल डेव्हलपरांनी धुडकावली. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत, मधल्या मॉड्यूलच्या आडून ही फंक्शन्स वापरण्याची वाटही बंद केली.

मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने कर्नल मॉड्यूल्सचा सोर्स एमआयटी (फारशा अटी नसलेला खुला परवाना) आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला. स्वागत जोरदार झालं, पण खुला झाला तो कर्नलमधलाच भाग. बरंच काम चिपवरच्या बंद फर्मवेअरकडे (चिपवरच चालणाऱ्या प्रोग्रामकडे) गेलं, ट्युरिंग या पिढीच्या आधीची कार्डं बाहेरच राहिली, आणि ओपनजीएल, व्हल्कन (ग्राफिक्ससाठी) आणि कुडा (गणनेसाठी) यांच्या लायब्रऱ्या आजही त्या जुन्या करारासारख्याच बंद परवान्याखाली येतात.