भाव आणि पट्टी: गुंतवणुकीच्या हिशोबात सिक्युरिटी कुठे संपते आणि खातं कुठे सुरू होतं

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा दिवसाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर होतो. तो साऱ्या बाजाराचा असतो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पट्टी मात्र त्याची एकट्याची: माल किती भरला, कोणत्या दराने गेला, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती उरले. भाव आणि पट्टी यांची गल्लत कुठलाच शेतकरी करत नाही. गुंतवणुकीचा हिशोब संगणकावर मांडायला बसलेली सुशिक्षित माणसं मात्र ती करतात. मीही केली होती, म्हणून हे लिहिते आहे.

उदाहरणासाठी ‘पोर्टफोलिओ परफॉर्मन्स’ घेऊ. अँड्रियास बुखेन या जर्मन प्रोग्रामरने सुरू केलेलं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि आपला सगळा हिशोब आपल्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये ठेवतं. नवी फाइल उघडली की ते आधी मूळ चलन विचारतं, मग खाती उघडायला लावतं, आणि सिक्युरिटीजची यादी वेगळ्या जागी ठेवतं. इथेच नवखा माणूस थबकतो. शेअर ‘पोर्टफोलिओत’ टाकायचा की ‘सिक्युरिटीज’मध्ये? त्यात आणखी एक घोळ शब्दाचाच आहे. अख्ख्या फाइलला आपण पोर्टफोलिओ म्हणतो, आणि या सॉफ्टवेअरच्या साठवलेल्या फाइलमध्ये डोकावलं तर डीमॅटसारख्या (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या) प्रत्येक खात्यालाही ‘पोर्टफोलिओ’ हेच नाव दिलेलं दिसतं. म्हणून या लेखापुरतं मी त्याला नुसतं ‘खातं’ म्हणेन.

सिक्युरिटी म्हणजे भावफलकावरची एक ओळ. नाव, आयएसआयएन (प्रत्येक शेअरला किंवा फंडाला मिळणारा ओळख-क्रमांक), बाजारातलं चिन्ह, चलन आणि रोजचा भाव कुठून आणायचा याचा पत्ता, एवढंच त्यात असतं. तुमच्याकडे तो शेअर एकही नसला तरी ही ओळ असू शकते. नुसतं लक्ष ठेवायला म्हणून कित्येक जण शेअर यादीत टाकून ठेवतात. खातं म्हणजे पट्ट्यांची फाइल. कोणत्या तारखेला किती घेतले, काय दराने, कर आणि दलाली किती, हे सारं व्यवहारांच्या रूपाने तिथे पडतं. प्रत्येक व्यवहार एका खात्यात बसतो आणि एका सिक्युरिटीकडे बोट दाखवतो. किती शेअर आहेत हा आकडा कुठेही हाताने लिहायचा नसतो. तो व्यवहारांच्या बेरीज-वजाबाकीतून येतो.

माझी चूक अशी झाली. आईची दोन डीमॅट खाती आहेत, एक जुनं बँकेकडचं आणि एक नंतर उघडलेलं. दोन्हीत एकाच बँकेचे शेअर होते. मी भोळेपणाने त्या बँकेच्या दोन सिक्युरिटी तयार केल्या आणि नावापुढे कंसात ब्रोकर लिहिला. वर्षभर सगळं ठीक दिसलं. मग त्या बँकेत आपले एकूण किती टक्के पैसे गुंतले आहेत हे पाहायला गेले, तर सॉफ्टवेअर दोन वेगळ्या कंपन्या दाखवत होतं. प्रत्येकीचा हिस्सा बेताचा होता, पण दोन्ही मिळून आईच्या पैशाचा चौथा भाग एकाच बँकेत होता, आणि हेच कळावं म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

सिक्युरिटी एक आणि खाती दोन, ही त्याची योग्य मांडणी. मग उलट दिशेने, सगळे शेअर एकाच खात्यात कोंबले तर काय बिघडतं? बरंच बिघडतं, आणि तेही थेट करात. आपल्याकडे डीमॅटमधला शेअर विकला की आधी आलेला आधी गेला असं धरतात. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1998 सालच्या परिपत्रक क्रमांक 768 प्रमाणे हा नियम प्रत्येक डीमॅट खात्याला स्वतंत्रपणे लागतो. समजा पहिल्या डीमॅटमध्ये 2015 साली 200 रुपयांनी घेतलेले 100 शेअर आहेत आणि दुसऱ्यात 2023 साली 600 रुपयांनी घेतलेले 100. आता दुसऱ्या खात्यातून 100 शेअर 800 रुपयांना विकले. नफा 20,000 रुपये. पण सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकाच खात्यात ओतले असतील तर ते 2015 चे शेअर गेले असं धरेल आणि नफा 60,000 दाखवेल. खरी डीमॅट खाती जेवढी, तेवढीच खाती सॉफ्टवेअरमध्ये उघडावीत. मग हवं तेव्हा एका खात्यापुरता अहवाल गाळून पाहता येतो आणि एकत्र चित्रही दिसतं.

मुंबई शेअर बाजारात घेतला आणि राष्ट्रीय शेअर बाजारात विकला, तर? तरीही सिक्युरिटी एकच. याहू फायनान्स या संकेतस्थळाकडून भाव आणताना राष्ट्रीय बाजारासाठी चिन्हापुढे ‘.एनएस’ आणि मुंबईसाठी ‘.बीओ’ लागतं, त्यामुळे दोन वेगळ्या वस्तू असल्यासारखं वाटतं. आयएसआयएन पाहा, एकच असतो. कोणतं तरी एक चिन्ह निवडा आणि त्यावर कायम राहा.

या बारा अक्षरांच्या क्रमांकाकडे बघायची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. भारतीय क्रमांकाची सुरुवात ‘आयएन’ने होते, पुढे ‘ई’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर म्युच्युअल फंड. दोन नोंदी एक की दोन, हा वाद बहुतेक वेळा इथेच मिटतो. पण नेहमी नाही, आणि जिथे मिटत नाही ती जागा फार फसवी आहे.

टाटा स्टीलचं घ्या. जुलै 2022 मध्ये या कंपनीने 10 रुपये दर्शनी मूल्याचा शेअर 1 रुपयाच्या दहा शेअरमध्ये विभागला. दर्शनी मूल्य बदललं की आयएसआयएन बदलतो. क्रमांकाचे शेवटचे तीन अंक 012 होते, ते 020 झाले. पुढच्या स्टेटमेंटमध्ये नवा क्रमांक पाहून पुष्कळांनी नवी सिक्युरिटी उघडली असेल. तसं करू नये. कंपनी तीच, मालकी तीच, खरेदीची तारीखही तीच. जुन्याच सिक्युरिटीत आयएसआयएन बदलावा आणि विभाजनाची नोंद करावी. व्यवहार आयएसआयएनला चिकटलेले नसतात. सॉफ्टवेअर प्रत्येक सिक्युरिटीला स्वतःची एक आतली ओळख देतं आणि व्यवहार तिच्याशी बांधलेले असतात, त्यामुळे क्रमांक बदलला तरी इतिहास तुटत नाही.

विभाजनाची नोंद राहून गेली तर? खात्यात 20 शेअर, खरेदी हजाराच्या आसपास. भावफलकावर मात्र नवा, एक दशांश भाव. पडद्यावर रातोरात 90 टक्के तोटा दिसतो. घाबरून लोक भावाचा स्रोत बदलत बसतात, पण भाव बरोबरच असतो आणि दुरुस्ती पट्टीत करायची असते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये विभाजनाची वेगळी सोय आहे, ती जुने व्यवहार आणि जुने भाव दोन्ही प्रमाणात बदलून देते. भाव आणणाऱ्या स्रोताने जुने भाव आधीच बदलून दिले असतील तर मात्र ते दुसऱ्यांदा भागू देऊ नका.

बोनस शेअरचं वागणं पडद्यावर अगदी विभाजनासारखंच. रिलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला, शेअर दुप्पट झाले, भाव अर्धा झाला. पण दर्शनी मूल्य बदललं नाही म्हणून आयएसआयएन तोच राहिला. परतावा मोजायला एकाचे दोन अशी विभाजनाची नोंद चालून जाते. करासाठी मात्र चालत नाही, कारण बोनसमधून मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि त्यांची मुदत वाटपाच्या तारखेपासून मोजतात. त्याची टीप वेगळी ठेवा.

याच्या अगदी उलट प्रकार एचडीएफसीचा. 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी लिमिटेड ही कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि जुन्या 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर मिळाले. नावं सारखी, घराणं एक, तरी या दोन वेगळ्या सिक्युरिटी होत्या. इथे जुन्या ओळीचं नाव बदलून भागत नाही. समजा जुने 50 शेअर होते, तर ते खात्यातून बाहेर काढायचे आणि बँकेचे 84 शेअर जुन्याच एकूण किमतीने आत घ्यायचे. यासाठी ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ वापरू नका. ‘डिलिव्हरी’ नावाचा व्यवहार असतो, त्यात शेअर येतात-जातात पण रोख खात्याला, म्हणजे पैशांची नोंद ठेवणाऱ्या वेगळ्या खात्याला, हात लागत नाही. वारशाने आलेल्या किंवा भेट मिळालेल्या शेअरसाठीही तोच. आणि जुनी सिक्युरिटी पुसायला जाऊ नका. व्यवहार असलेली सिक्युरिटी सॉफ्टवेअर पुसू देतच नाही. ती निष्क्रिय करून ठेवायची.

जिओ फायनान्शियल हा तिसरा नमुना. जुलै 2023 मध्ये रिलायन्सपासून ती वेगळी निघाली आणि रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे तिचा एक मिळाला. जुनी सिक्युरिटी कायम, शेजारी एक नवी, आणि मूळ खर्चाची 95.32 टक्के रिलायन्स व 4.68 टक्के जिओ अशी वाटणी. ही वाटणी न करता जिओचे शेअर फुकट आले असं मांडलं, तर एकीकडे रिलायन्सने आहे त्याहून कमी परतावा दिला असं दिसतं आणि दुसरीकडे जिओचा सगळाच भाव नफा दिसतो.

म्युच्युअल फंडात गोंधळ वेगळ्या बाजूने शिरतो. एकाच योजनेचा डायरेक्ट प्लॅन (थेट फंडाकडून घेतलेला) आणि रेग्युलर प्लॅन (एजंटमार्फत घेतलेला) या दोन स्वतंत्र सिक्युरिटी आहेत. 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन सुरू झाले. त्यांचा खर्च कमी असतो, म्हणून एनएव्ही (एका युनिटचा रोजचा भाव) वेगळी, आयएसआयएनही वेगळा. ग्रोथ आणि लाभांशाचा पर्याय हेही वेगळे. उलट फोलिओ नंबर, म्हणजे फंड कंपनीकडचा आपला खाते क्रमांक, हा खात्याच्या बाजूचा शब्द आहे. एकच योजना दोन फोलिओंमध्ये असेल तर सिक्युरिटी एक आणि खाती दोन, अगदी डीमॅटसारखंच. आणि एसआयपी तर दोन्हीपैकी काहीच नव्हे. ती ठरलेल्या तारखेला पडणाऱ्या व्यवहारांची रांग आहे. ‘दर महिन्याची पाच हजारांची एसआयपी’ अशी सिक्युरिटी तयार केलेली मी पाहिली आहे. पुढे हप्ता वाढवला की तिथे दुसरी, मग तिसरी.

एनएव्ही आणायला याहूपेक्षा ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेचा कोड बरा. ॲम्फी रोज सगळ्या योजनांची एनएव्ही जाहीर करते आणि प्रत्येक योजनेला तिचा आकडी कोड असतो. सुवर्ण रोख्यांच्या बाबतीत प्रत्येक मालिका वेगळी सिक्युरिटी धरावी लागते, कारण आयएसआयएन आणि मुदतीची तारीख मालिकेगणिक बदलते. मुदत ठेव आणि पीपीएफ यांना रोजचा बाजारभाव नाही, त्यांना सिक्युरिटी करू नका. व्याज जमा होणारं रोख खातं पुरतं.

मग ‘मुलीचं शिक्षण’ आणि ‘निवृत्ती’ ही कुठे मांडायची? बरेच जण उद्दिष्टागणिक खातं उघडतात. माझ्या मते ते टाळावं. खातं खऱ्या जगातल्या खात्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर स्टेटमेंटशी ताळा घेता येत नाही. उद्दिष्टांसाठी वर्गीकरणाची वेगळी सोय असते, आणि एकाच फंडाचा 60 टक्के हिस्सा एकीकडे, 40 टक्के दुसरीकडे अशीही वाटणी तिथे करता येते.

परदेशी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सिक्युरिटीचं चलन पहिला व्यवहार टाकण्याआधी नीट पाहून घ्या, नंतर ते बदलता येत नाही. फाइलचं मूळ चलन रुपया आणि एखादा शेअर डॉलरमध्ये, असं खुशाल चालतं. विनिमयाचे दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या आकड्यांवरून येतात.

मांडणी बरोबर झाली का हे तपासायला रुपयांची एकूण बेरीज जुळवू नका, ती रोज हलते. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डीमॅटची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट घ्या, ते डीमॅटवार आणि फोलिओवार असतं. प्रत्येक ओळीसमोर आपल्या खात्यातले शेअर आणि युनिट लावून पाहा. युनिट तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. फंडात अगदी थोडा फरक येत असेल, तर तो बहुधा मुद्रांक शुल्काचा आहे. 1 जुलै 2020 पासून फंडाच्या खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क कापलं जातं. 5,000 रुपयांच्या हप्त्यातून 25 पैसे जातात, आणि एनएव्ही 50 रुपये असेल तर 100 ऐवजी 99.995 युनिट मिळतात. व्यवहार टाकताना एकूण रक्कम 5,000, कर 25 पैसे आणि युनिट स्टेटमेंटवरून उतरवलेले, असं लिहिलं की ओळ जुळते.