बोटीच्या इंजिनाची हिवाळी निगा (बंद शीतन पद्धती)

थंडीच्या मोसमात बोट वापराबाहेर ठेवायची असेल तर तिच्या इंजिनातले पाणी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), तेल आणि इंधन यांची आधीच व्यवस्था लावून ठेवतात; या कामाला हिवाळी निगा म्हणता येईल. उत्तर युरोप, कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग, म्हणजे जिथे तलाव आणि बंदरे गोठतात, तिथे हे दरवर्षीचे ठरलेले काम आहे. भारतात त्याची खरी गरज काश्मीर-लडाखमध्ये पडते. २१ डिसेंबरला चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरातल्या सर्वांत कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस सुरू होतात आणि दल सरोवराचे पाणी काठाकाठाने गोठू लागते. सव्वाचार हजार मीटर उंचीवरचे पँगाँग सरोवर तर खारे असूनही हिवाळ्यात गोठते.

ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. इथली थंडी माळव्यापेक्षा बोचरी. जानेवारीत पारा २-३ अंशांपर्यंत उतरतो आणि दाट धुक्यात महाराज बाड्यावर समोरचा माणूस दिसत नाही. तरीही इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकमधले (मुख्य ओतीव सांगाड्यातले) पाणी गोठून तो फुटावा इतका वेळ ही थंडी टिकत नाही. शिवाय इकडे थंडीचे महिने हेच बोटीत बसायचे महिने. सांक नदीवरचे तिघरा धरण (१९१६), शिवपुरीचा सख्यासागर, मुरैन्याजवळ राजघाटाला चंबळ अभयारण्यातली घडियाल (लांब तोंडाच्या मगरी) दाखवणारी सफर, सगळीकडे गर्दी असते ती याच दिवसांत. बोटी काठावर ओढल्या जातात त्या पावसाळ्यात, चंबळेला पूर येतो तेव्हा. त्यामुळे इथल्या माणसाने ‘हिवाळी’ हा शब्द फार मनावर घेऊ नये. काम बहुतेक तेच, फक्त ते जूनमध्ये करायचे, आणि कारण बर्फाऐवजी गंज, गाळ आणि शिळे इंधन.

दोन फेऱ्यांची रचना

साध्या पद्धतीत तलावाचे किंवा समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरून बाहेर पडते. बंद पद्धतीत पाण्याच्या दोन फेऱ्या असतात. आतल्या फेरीत कूलंट असते. ते ब्लॉक, त्यावरचे हेड आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) यांतून फिरून उष्णता-विनिमयकात येते. मोटारीत जे काम रेडिएटर करतो ते इथे हा विनिमयक करतो, फक्त वाऱ्याऐवजी बाहेरच्या पाण्याने. बाहेरच्या फेरीत बुडाच्या झडपेतून कच्चे पाणी आत येते, गाळणीतून रबरी इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या) पंपात जाते, तिथून विनिमयकाच्या बारीक नळ्यांतून आणि शेवटी एक्झॉस्टच्या बाकात धुराबरोबर मिसळून बाहेर फेकले जाते. गिअरच्या तेलाचा कूलर असेल तर तोही याच वाटेवर बसवलेला असतो.

‘आपले इंजिन बंद पद्धतीचे आहे, आत कूलंट आहे, मग काळजी कसली?’ हा समज नेमका इथे फसवतो. कूलंट फक्त आतल्या फेरीचे रक्षण करते. बाहेरच्या फेरीत साधे पाणीच असते, आणि ते विनिमयकात, कूलरमध्ये, पंपाच्या पोटात, सायलेन्सरच्या तळाशी साचून राहते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. विनिमयकाची टोपी किंवा एक्झॉस्टचे ओतीव बाक तडकायला तेवढे पुरे. काही इंजिनांत तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डही (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा नळही) कच्च्या पाण्यावरच थंड होतो. त्याला अर्धी बंद पद्धत म्हणायला हरकत नाही. आपल्या इंजिनात कूलंट कुठपर्यंत पोचते हे होस पाइपांवर हात ठेवत एकदा स्वतः तपासावे. ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या गोठल्यावर सुटून येतील आणि ब्लॉक वाचेल, या भरवशावर राहू नये. कधी सुटतात, कधी त्यांच्या आधी ब्लॉकच जातो.

कूलंट

नेहमीचे कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक यांचे मिश्रण. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. ‘जास्त घातले तर जास्त बरे’ हा हिशोब इथे चालत नाही: निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते, आणि शिवाय ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. मिश्रणाला बोअरचे जड पाणी वापरले तर नळ्यांत क्षार बसतात. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून इथे कूलंटचा दुसरा गुण जास्त कामाचा: त्याने उत्कलनबिंदू वर जातो, आणि दाबाच्या टोपीने आणखी वर.

ताकद तपासायला तरंगकाटा चालतो, पण रिफ्रॅक्टोमीटर जास्त भरवशाचा. एक थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावले की गोठणबिंदू दिसतो. इथिलीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलची मापपट्टी मात्र वेगवेगळी. गोठणबिंदू ठीक निघाला म्हणजे कूलंट ठीक, असेही नाही. गंजरोधक आधी संपतात. जुन्या पद्धतीचे कूलंट सुमारे दोन वर्षांनी बदलतात, दीर्घायुषी प्रकार पाचेक वर्षे चालतात.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. गल्लीतल्या कुत्र्याने चाटले तर मूत्रपिंडे निकामी होऊन ते मरते. काढलेले कूलंट उघड्या बादलीत ठेवू नये, गटारात सोडू नये, आणि घडियालांच्या नदीत तर मुळीच नाही.

प्रत्यक्ष काम

क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन पाण्यावर चालवून पुरते गरम करतात, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट सगळीकडे फिरते आणि तेल पातळ होते. गरम असतानाच इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचे. वापरलेल्या तेलात ॲसिड असते आणि ते महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहणे बरे नाही. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, म्हणजे सील पाहावे लागेल.

मग बाहेरची फेरी. बुडाची झडप बंद करून गाळणी, पंप, विनिमयक आणि कूलर यांचे ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचे) काढतात. इथे एक गंमत हमखास होते: प्लग काढला की पाणी येत नाही आणि मिस्त्री ‘रिकामे आहे’ म्हणून पुढे जातो. भोकात तार घालून हलवावी. आधी काळसर रेती आणि गंजाचे पोपडे पडतात, मग एकदम धार सुटते. भोक गाळाने बुजलेले होते, आत पाणी होतेच. जिथे पाणी गढूळ असते तिथे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

गोठणाऱ्या प्रदेशात एवढ्यावर थांबत नाहीत. पंपाचा होस पाइप गुलाबी प्रोपिलीन ग्लायकॉलच्या बादलीत सोडून इंजिन थोडा वेळ चालवतात, एक्झॉस्टमधून बाहेर पडणारे पाणी गुलाबी होईपर्यंत. हे द्रव इथिलीनपेक्षा खूपच कमी विषारी असते, म्हणून पाण्यात जाणाऱ्या फेरीसाठी तेच. मात्र आधी पाणी काढलेले नसेल तर ते आतल्या पाण्यात मिसळून पातळ होते, आणि रंग गुलाबी दिसला तरी ताकद उरत नाही. बंद पद्धतीचा एक फायदा इथे दिसतो: बाहेरच्या फेरीत थर्मोस्टॅट आडवा येत नाही, द्रव सरळ शेवटपर्यंत पोचते. साध्या पद्धतीच्या इंजिनात थंड थर्मोस्टॅट ते ब्लॉकमध्ये शिरूच देत नाही.

इम्पेलर काढून ठेवतात. तसाच राहू दिला तर त्याची रबरी पाती वाकलेल्या जागीच ताठरतात. पाती तडकलेली असतील तर नवा घ्यावा. तुटलेले तुकडे विनिमयकाच्या नळ्यांत जाऊन अडकतात आणि पुढे इंजिन का तापते ते कळत नाही. विनिमयकातली जस्ताची कांडी (धातूची झीज ती स्वतःवर घेते) अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदलायची.

डिझेलची टाकी भरून ठेवतात, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल ओढून घेते. पावसाळाभर पडून राहणाऱ्या बोटीत स्टॅबिलायझर (इंधन शिळे होऊ न देणारे द्रव) टाकून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये फॉगिंग तेल (गंज रोखणारा तेलाचा फवारा) फवारतात. डिझेलच्या हवेच्या वाटेत ते फवारू नये, इंजिन त्याच तेलावर बेफाम पळू शकते. बॅटरी चार्ज करून घरी आणावी. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, उतरलेली उणे ८-१० अंशांतच गोठते. हवेचे आणि धुराचे तोंड तेलकट चिंधीने बंद करतात, नाहीतर गांधीलमाश्या आत घर करतात.

बोटीला मागे टांगलेले छोटे आउटबोर्ड इंजिन असेल तर यातले बरेचसे वाचते. ते उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप गळून जाते. आडवे ठेवले तर नाही.

पुन्हा सुरू करताना

‘इम्पेलर काढला आहे, झडप बंद आहे’ अशी चिठ्ठी किल्लीलाच बांधून ठेवायची पद्धत आहे, आणि ती सोडू नये. काम करणारा एक आणि चार महिन्यांनी चालू करणारा भलताच असतो. इम्पेलर साबणाच्या पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये बुडवून बसवतात, चिंध्या आणि प्लग मोजून घेतात, कूलंटची पातळी पाहतात, आणि मग झडप उघडतात. इंजिन सुरू झाल्यावर लगेच मागे जाऊन एक्झॉस्ट पाहावे. अर्ध्या मिनिटात पाणी पडू लागले नाही तर बंद करायचे, कारण कोरड्या पंपात रबर तेवढ्यातच जळू लागते.