कमी वेळ, कमी कपडे

१९८६ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘मेट्रॉइड’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. नखशिखांत चिलखत घातलेला सॅमस अरान हा शिकारी परग्रहावरच्या भुयारांत शिरतो आणि तिथल्या जीवांचा फडशा पाडतो, एवढीच गोष्ट. सोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत सॅमसचा उल्लेख ‘तो’ असाच होता. गेम लवकर संपवणाऱ्यालाच शेवटी कळायचं, की चिलखतात बाई आहे! त्या काळात हा धक्का मोठा होता. खरी गंमत मात्र पुढे आहे. ही बाई किती उघडी दिसणार, हे खेळणाऱ्याने घेतलेल्या वेळावर ठरायचं. एका तासाच्या आत गेम संपवला, तर ती थेट बिकिनीत. वेळ आणि कपडे यांचं हे गणित कुणीतरी बसून प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं.

गेममध्ये आपोआप काहीच घडत नाही. सिनेमाच्या शूटिंगमध्ये वाऱ्याने पदर उडू शकतो. गेममध्ये वारा, पदर आणि पदर उडण्याचा कोन हे सगळं कुणालातरी आकड्यांत भरावं लागतं. म्हणून ‘पात्रच तसं आहे हो’ हे उत्तर इथे चालत नाही.

छातीच्या हालचालीचंच उदाहरण घ्या. १९९२ च्या ‘फेटल फ्युरी २’ या मारामारीच्या गेममधली माई शिरानुई ही या बाबतीत गाजलेली पहिली मोठी नायिका. तेव्हा ही हालचाल चित्रामागून चित्र काढून दाखवत. १९९६ मध्ये टेक्मो कंपनीचा ‘डेड ऑर अलाइव्ह’ आला. तोवर पात्रं त्रिमिती झाली होती आणि चित्रकाराचं काम भौतिकशास्त्राकडे गेलं होतं. अशा पात्राच्या कातडीखाली काल्पनिक हाडांचा सापळा असतो. हाड हललं की त्याला बांधलेली कातडी हलते. छातीसाठी दोन जादा हाडं घालायची आणि ती जणू स्प्रिंगने धडाला जोडायची. मग तीन आकडे उरतात: वस्तुमान, स्प्रिंगचा ताठरपणा आणि अवमंदन, म्हणजे हेलकावा किती लवकर विरतो ते. मोटरसायकलच्या शॉकअपचं गणित हेच असतं. शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यानंतर डुलतच राहते, कारण अवमंदन संपलेलं असतं. या नायिकांचं नेमकं तेच झालेलं असतं. खऱ्या शरीरातल्या उती हेलकावा पटकन जिरवतात. गेममध्ये तो आकडा मुद्दाम खाली ओढलेला असतो. केस, शेपटा, झगा यांनाही हेच समीकरण लागतं, त्यामुळे दोष समीकरणाचा नाही.

आता याच्या शेजारी २०१४ ची एक घटना ठेवून पाहा. युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये चार जणांना मिळून खेळता येणार होतं आणि चारही पात्रं पुरुष होती. बाई का नाही, असं विचारल्यावर कंपनीच्या लोकांनी सांगितलं, की तिच्यासाठी वेगळी अॅनिमेशनं, वेगळे कपडे, म्हणजे काम दुप्पट होईल. याच मालिकेच्या आधीच्या गेमवर काम केलेले अॅनिमेटर जोनाथन कूपर यांनी जाहीरपणे म्हटलं, की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. वर आणखी एक टोला: मारेकऱ्यांवरचा हा गेम फ्रेंच राज्यक्रांतीतला, आणि त्या क्रांतीतली सगळ्यात प्रसिद्ध मारेकरी शार्लोट कॉर्डे ही बाईच होती. छातीच्या स्प्रिंगसाठी या धंद्याला वेळ मिळाला होता. बाईच्या चालण्यासाठी मिळाला नाही.

हे सगळं मोजायचं कसं? २०१६ मध्ये संशोधक टेरेसा लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ ते २०१४ या काळातल्या गेममधली ५७१ स्त्री-पात्रं तपासली. सगळी अशी, की खेळणारा त्यांना स्वतः चालवू शकतो. किती अंग उघडं आहे, अवयव किती फुगवले आहेत, हालचाल कशी आहे, अशा नोंदी केल्या. अंगप्रदर्शन १९९० च्या दशकात वाढलं आणि २००६ नंतर कमी होत गेलं, असं दिसलं. दुय्यम पात्रांत ते मुख्य पात्रांपेक्षा जास्त होतं. मला सर्वांत बोलका वाटला तो वेगळाच निष्कर्ष: अंगप्रदर्शनाचा आणि समीक्षकांनी दिलेल्या गुणांचा काही संबंध सापडला नाही. त्याने गेम समीक्षकांना जास्त चांगला वाटत होता, असंही नाही.

१९९० च्या दशकाचा चेहरा म्हणजे लारा क्रॉफ्ट. ‘टूम रेडर’ १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइनने काढला. तिचा निर्माता टोबी गार्ड पुढच्याच वर्षी कंपनी सोडून गेला. जाहिरातींत लाराला ज्या पद्धतीने वापरलं जात होतं, ते त्याला रुचलं नव्हतं. २०१३ मध्ये ती नव्याने घडवली गेली, तेव्हा तिला चिखल, जखमा आणि अंगभर पँट मिळाली.

अशा चित्रणाने खेळणाऱ्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. संशोधक जेसी फॉक्स, जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८६ स्त्रियांना आभासी जगात अवतार दिले, काहींना तोकड्या कपड्यांतले, काहींना साधे. तोकड्या कपड्यांतला अवतार ‘अंगावर’ घेतलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दलचे विचार जास्त आले. उलट बाजूला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या अभ्यासात ८२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. गेम खेळणं आणि स्त्रियांबद्दलची मागास मतं यांत दुवा आढळला नाही. २०२२ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही ठोस हानी दिसली नाही.

‘गेममुळे पोरं बिघडतात’ हे वाक्य त्यामुळे मी बोलणार नाही. पुरावा तेवढा भक्कम नाही. पण पुरावा नसला की आक्षेपच संपतो, हेही मला पटत नाही. बिकिनीतली सॅमस बक्षीस म्हणून ठेवताना खेळणारा मुलगाच असणार, असं कुणीतरी गृहीत धरलं होतं. एखाद्या मुलीने तो गेम ५९ मिनिटांत संपवला, तर तिला ते बक्षीस कशाबद्दल?

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. नायिका एक मुलगी, सर्कशीत वाढलेली, राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधणारी. या गेमचा कॅमेरा, म्हणजे खेळणाऱ्याला सगळं जिथून दिसतं ती नजर, बघण्यासारखा आहे. तो बराचसा वेळ उंच आणि लांब असतो, त्यामुळे महाल, जिने, भिंतींवरची चित्रं पडद्यावर मावतात आणि राजी त्यात बोटभर उरते. ती खांबाला गरकन वळसा घालून त्रिशूळ हाणते, भिंतीवरून धावते, आणि तेवढ्या लांबूनही ओळखू येतं, की ही सर्कशीतली पोर आहे.