वाफेने जमवलेली माणसं

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग. गिरणी सुटून वर्षं झाली तरी ते घरात मोठ्यानेच बोलायचे. साचेखात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे, ती सवय गेली नाही. खात्याचं वर्णन करताना ते आधी हात वर करायचे. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी दांडा. त्याला सगळे शाफ्टच म्हणत. शाफ्टवर ओळीने चाकं आणि प्रत्येक चाकावरून खाली साच्यापर्यंत उतरलेला चामड्याचा पट्टा. ‘साचा बंद केला तरी शाफ्ट फिरतच असायचा,’ असं ते सांगायचे.

मला वाटतं, गिरणगाव त्या शाफ्टनेच वसवलं.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला तिची गिरणी उभी राहिली. तिथून पुढे मुंबईची गिरणी म्हणजे वाफेचं इंजिन. या इंजिनाचा एक गुण असा, की ते लहान करून परवडत नाही. बॉयलर लहान केला तर आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पत्रा जास्त होतो आणि उष्णता वाया जाते. कोळसा ओढायला, आगीवर नजर ठेवायला माणसं तर लागतातच. म्हणून एकच भलं मोठं इंजिन बसवायचं आणि त्याची ताकद दोर, चाकं, पट्टे यांच्या मदतीने शेकडो यंत्रांना वाटायची. पण शाफ्ट लांबवत नेला तर घर्षणच ताकद खाऊन टाकतं. म्हणजे सगळी यंत्रं इंजिनाच्या जवळ हवीत, जागा पुरेना तर मजल्यावर मजले चढवून. यंत्रं जवळ, म्हणून माणसंही जवळ, भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. चाळी, खानावळी, पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारे रत्नागिरी-साताऱ्याचे गाववाले, हा सगळा पसारा त्या बॉयलरभोवती जमला.

वीज या जगात आली ती आधी दिवा होऊन. त्यापूर्वी कामाचा दिवस सूर्यावर चाले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यात सूर्यास्ताला काम थांबावं हीही एक होती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा अडसर गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाचा दिवस चौदा तासांवर गेला. प्रौढ पुरुषांचे तास बारावर आणायला १९११ चा कायदा करावा लागला. दिवा लावणाऱ्याच्या मनात हे नसेलही, पण घडलं खरं.

यंत्रं फिरवणारी वीज आली १९१५ मध्ये, खोपोलीहून. मुंबईजवळ कोळशाच्या खाणी नाहीत, लांबून आणलेला कोळसा महाग पडे. घाटमाथ्यावर मात्र पावसाचं पाणी मुबलक. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून ते पाणी नळांतून खाली सोडलं, पाचशे मीटरहून जास्त. साधा हिशोब करून बघा: हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली येतं तेव्हा त्यात जवळजवळ १.४ युनिट ऊर्जा असते. घरचा लहानसा एसी तासभर चालावा इतकी. ती वीज परळपर्यंत आणायची तर दाब खूप वाढवावा लागतो. तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठवली की तारेतला प्रवाह निम्मा होतो, आणि तार तापून होणारी नासाडी चौथ्या हिश्शावर येते. घाटातला पाऊस असा तारेवरून गिरणगावात आला. पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. मुंबईच्या विजेच्या गोष्टीतून मुळशी गाळलेली मला सहन होत नाही.

मोटर आली म्हणून कारखाना लगेच बदलतो का? पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांचा दाखला देऊन याचं उत्तर दिलं. एडिसनचं न्यूयॉर्कचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण कारखान्यांची निम्मी ताकद विजेवर यायला जवळपास चार दशकं गेली. सुरुवातीला लोकांनी इंजिन काढून त्याच जागी मोठी मोटर बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. एका यंत्राला एक मोटर ही कल्पना रुजली तेव्हा कुठे खरा फायदा दिसू लागला. डेव्हिड यांना खरं तर संगणकाबद्दल बोलायचं होतं. मला ते चटकन पटलं. एका कार्यालयात मी फॉर्म ऑनलाइन भरला होता, तर तिथल्या बाईंनी तो छापून घेतला, शिक्का मारून घेतला आणि फायलीत लावला. तिथे इंजिनाच्या जागी नुसती मोटर बसली होती.

दरम्यान वीज शहरभर पसरत होती. १९२५ मध्ये बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची लोकल धावली आणि कामापासून दूर राहणं जमू लागलं. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. आमच्या चाळीत पुढे एकाच खोलीत रेडिओ होता. आकाशवाणीवर ‘कामगारसभा’ लागली की त्या दारात गर्दी व्हायची.

पण विजेचा सगळ्यात मोठा परिणाम उमगायला फार उशीर लागला. वाफ तुकड्यांत वाटता येत नव्हती, वीज येते. एका साच्याला एक लहान मोटर पुरते, मग तो साचा गिरणीत कशाला हवा? भिवंडीतल्या, मालेगावातल्या पत्र्याच्या शेडमध्येही तो तितकाच चालतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आजोबाही बाहेर पडले. संप मोडण्याची कारणं पुष्कळ आहेत, मालक आणि सरकार यांना मी त्यातून सोडत नाही. पण गिरण्या बंद असताना कापड बाजारात येतच राहिलं. त्यातलं पुष्कळसं यंत्रमागांवरचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी भिवंडीत अशीच एक शेड बघायला गेलो. पाऊल टाकताच कान बधिर झाले. आजोबा सांगायचे तो आवाज हाच. एकटा माणूस सहा यंत्रमाग बघत होता. एकावरचा धागा तुटला तसं त्याने बटण दाबलं. तेवढा एकच माग थांबला. मान वर करून पाहिलं, छताखाली शाफ्ट नव्हता. किती जण आहात, म्हणून मी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं. त्याने एक बोट वर केलं, गाठ मारली आणि बटण पुन्हा दाबलं.