जनुक–आहार आंतरक्रिया आणि मधुमेहातील हृदयविकार

एकच आहार दोन मधुमेही व्यक्तींच्या हृदयावर व रक्तवाहिन्यांवर वेगवेगळा परिणाम करतो, तर एकाच जनुकाचा धोका आहाराप्रमाणे वाढतो किंवा मावळतो. या परस्परसंबंधाला जनुक–आहार आंतरक्रिया म्हणतात. मधुमेहात हृदयविकाराची शक्यता साधारण दुप्पट होते, पण हा वाढीव धोका सर्व रुग्णांच्या वाट्याला सारखा येत नाही. त्यामागचे एक कारण येथे सापडते.

टाइप २ मधुमेहाशी सर्वांत ठळकपणे जोडलेले जनुक म्हणजे टीसीएफ७एल२. त्याचा हा संबंध २००६ मध्ये उजेडात आला. त्याच्या ‘टी’ या धोकादायक रूपामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या अभ्यासात हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ७,४४७ जणांना ऑलिव्ह तेल वा कवचफळांनी युक्त भूमध्यसागरी आहार, किंवा आहारातील मेद कमी करण्याचा नुसता सल्ला देण्यात आला. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक मधुमेही होते. आईवडील दोघांकडून ‘टी’ रूप आलेल्यांमध्ये नुसता सल्ला मिळालेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण हे रूप नसलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. गटवाटणीतील त्रुटींमुळे अभ्यासाचा २०१३ चा मुख्य अहवाल मागे घेऊन २०१८ मध्ये तो सुधारून प्रसिद्ध झाला. भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार व पक्षाघाताचा धोका कमी होतो हा मुख्य निष्कर्ष टिकला असला, तरी पक्षाघाताबद्दलचे जनुकीय विश्लेषण दुरुस्तीपूर्वीचे आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मधुमेहापुरते पाहिले तर सर्वांत बोलके उदाहरण हॅप्टोग्लोबिनचे आहे. हॅप्टोग्लोबिन हे रक्तातील प्रथिन तांबड्या पेशी फुटल्यावर मोकळे झालेले हीमोग्लोबिन पकडून ठेवते. एरवी हीमोग्लोबिनमधील लोह आसपासच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करत सुटते. माणसामाणसांत या प्रथिनाची रूपे वेगळी असतात, हे आनुवंशिकीतज्ज्ञ ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये दाखवले. १-१, २-१ आणि २-२ असे त्याचे तीन जनुकीय प्रकार आहेत. २-२ प्रकारातील प्रथिन हे संरक्षण दुबळेपणाने करते. मधुमेहात हीमोग्लोबिनला साखर चिकटलेली असते, त्यामुळे ही उणीव आणखी जाणवते: न हटलेले हीमोग्लोबिन एचडीएल कणांना जाऊन चिकटते आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे हे उपयुक्त कण निकामी होऊ लागतात. म्हणूनच २-२ प्रकाराचा धोका मुख्यतः मधुमेहातच दिसतो.

ऑक्सिडीकरण रोखणारे ई जीवनसत्त्व येथे उपयोगी पडेल का? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ते सरसकट दिल्याने हृदयाला फायदा झाला नव्हता, आणि तो विषय संपल्यासारखे वाटले होते. पण इस्रायलमध्ये केवळ २-२ प्रकारच्या, पंचावन्न वा त्याहून अधिक वयाच्या १,४३४ मधुमेहींना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००८ च्या अहवालानुसार हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण निष्क्रिय गोळीच्या गटात ४.७ टक्के, तर जीवनसत्त्वाच्या गटात २.२ टक्के होते. चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. अशा वेळी फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता असते. शिवाय हा डोस रोजच्या आहारातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २-१ प्रकारच्या मधुमेहींत याच जीवनसत्त्वाने एचडीएलचे कार्य उलट खालावल्याचे नंतर आढळले. त्यामुळे आपला प्रकार माहीत नसताना या गोळ्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे.

इतर जनुकांचा पुरावा तुलनेने विरळ आहे. एपीओई जनुकाचे ई४ रूप असलेल्यांचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल तूप-लोण्यात असणाऱ्या संपृक्त मेदाने अधिक चढते. नवव्या गुणसूत्रावरील ९पी२१ या भागाचा हृदयविकाराशी असलेला संबंध रक्तशर्करा आटोक्यात नसलेल्या मधुमेहींत जास्त तीव्र असल्याचे २००८ मध्ये दिसले. कच्च्या भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत त्याच भागाचा धोका बराच सौम्य होत असल्याचे २०११ मध्ये आढळले. तो अभ्यास मात्र केवळ मधुमेहींचा नव्हता.

जनुकतपासणी करून मधुमेहीचा आहार ठरवणे अजून नेहमीच्या उपचारांचा भाग झालेले नाही. एकेका जनुकाचा परिणाम लहान असतो, खाल्लेल्या अन्नाची अचूक नोंद मिळणे कठीण असते, आणि बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून गोळा झालेली आहे. धोकादायक रूपांचे प्रमाण वंशागणिक बदलते, त्यामुळे एका समाजातील आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.